माळ्यावर सापडलेली वही: धारावीतला करोना, मंडळाची पोरं आणि नंतरचं

लेबरकॅम्पकर | ६ जुलै २०२५, रात्री ११:१२

घर रंगवायला काढलं म्हणून परवा आईकडचा माळा रिकामा केला. जुन्या मखराखाली एक लाँगबुक निघालं. वर मार्करने माझंच अक्षर, 'रेशन + आजारी'. एप्रिल ते ऑक्टोबर २०२०. अर्ध्या पानांवर सॅनिटायझर सांडून शाई पसरलीय.

माटुंगा लेबर कॅम्पात जन्मापासून चौतीस वर्षं काढली, आता मी बदलापूरला आहे. धारावीने करोना कसा रोखला यावर पोतंभर छापून आलंय. त्यात एकतर साहेब असतात नाहीतर आकडे. मला वहीत आहे तेवढं लिहायचंय. गावात, चाळीत, सोसायटीत कुणी असं काम केलं असेल तर भर घाला.

धारावी न पाहिलेल्यांसाठी: जागा अडीच चौरस किलोमीटर, पालिकेच्या हिशेबाने साडेआठ लाख माणूस. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला, ५६ वर्षांचा. त्याच दिवशी तो सायन रुग्णालयात वारला. टीव्हीवर 'घरी थांबा' चालू होतं. आमच्या शेजारी दहा बाय दहात सात माणसं. त्यातले तिघं रात्रपाळीवर असायचे म्हणूनच सगळ्यांना झोपायला जागा पुरायची. टाळेबंदीत सातही जण एकदम घरात. कुठे थांबणार?

दुसरी गोष्ट संडासाची. धारावीतली ऐंशी टक्के माणसं सार्वजनिक संडासावर अवलंबून. आमच्याकडे सोळा सीटा, त्यातल्या दोन कायम तुंबलेल्या. पालिकेने फवारणी सुरू केली, दिवसातून दोन-तीनदा गाडी यायची. पण गाडी गेल्यावर अर्ध्या तासात शंभर माणसं जाऊन येणार, तिचा काय उपयोग? संडास सांभाळणारे अण्णा (तिरुनेलवेलीचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध) म्हणाले, पंप माझ्याकडे द्या, मी दर तासाला मारतो. पंप द्यायला चार दिवस गेले, कारण तो कुणाच्या नावावर लिहायचा हेच ठरेना. शेवटी मंडळाच्या लेटरहेडवर सही केली.

साबणाची तर गंमतच. हात धुवायला लिक्विडची बाटली ठेवली, संध्याकाळी गायब. दुसरी ठेवली, तीही गेली. मग आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी जुन्या पायमोज्यात साबणाची वडी घालून, वर गाठ मारून तो मोजा नळाला बांधला. मोज्यासकट हात चोळायचा, फेस येतो. तो मोजा कुणी चोरला नाही. आठवडाभरात आजूबाजूच्या तीन संडासांवर मोजे लटकले.

रांगेसाठी चुन्याचे गोल काढले, ते दुपारपर्यंत पायांनी पुसले. मग मंडपाचा उरलेला ऑइलपेंट वापरला. गल्लीवार वेळापत्रकही लावून पाहिलं, पाच ते साडेपाच पहिली गल्ली वगैरे. दोन दिवसांत बोंबललं. पोट काय वेळापत्रक बघतं? म्हातारी माणसं आणि गरोदर बाया यांना रांग नाही, एवढा एकच नियम टिकला.

आता आमची चूक. रेशनच्या पिशव्या वाटायला पहिली यादी केली ती मतदार यादी आणि शिधापत्रिका बघून. म्हणजे आपापलीच माणसं. चौथ्या दिवशी वरच्या माळ्यावर जरीकाम करणारे अकरा कारागीर सापडले, मधुबनीकडचे. शेठ गावाला निघून गेलेला, ही पोरं दोन दिवस बिस्किटांवर. आमच्या डोक्यावर राहत होती, आम्ही यादीत घेतली नव्हती. वहीत त्या तारखेला लाल पेनाने लिहिलंय, 'कार्ड नको, चूल मोजा.' त्यानंतर दार वाजवून एकच प्रश्न विचारायचो, इथे किती जणांचं शिजतं?

डोळे मिटतायत. नंतरचं नंतर.

*

निशिगंधा७ | ७ जुलै, सकाळी ८:०५

मोज्यातला साबण! आमच्या आजोळी न्हाणीघरात असायचा. वाचतेय, पुढचं लवकर टाका.

*

डॉक्टर_खडूस | ७ जुलै, दुपारी २:३०

मी शेजारच्या वॉर्डात जनरल प्रॅक्टिस करतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आसपासचे बहुतेक दवाखाने बंद होते, खोटं कशाला बोलू, माझाही होता. घरात ऐंशीची आई. १० एप्रिलपासून माहीम-धारावीचे खासगी डॉक्टर, २४ जण, पालिकेबरोबर गल्लीत उतरले. पीपीई किट, थर्मामीटरची बंदूक, ऑक्सिमीटर, मास्क पालिकेने पुरवले. त्यांनी ४७,५०० लोकांची तपासणी केली. मी त्या २४ त नव्हतो. त्यांना बघून आठवड्याने आमच्याकडे फिरायला लागलो.

यातली मेख अशी की पालिकेकडे माणसं नव्हती आणि लोकांचा पालिकेवर भरवसा नव्हता. पीपीई घातलेला परका माणूस दारात आला की लोक आजारी म्हातारीला पोटमाळ्यावर लपवायचे. कारण त्याच्यामागे रुग्णवाहिका, पत्रा ठोकणं, चौदा दिवस. पण वीस वर्षं ज्याच्याकडून लाल औषध घेतलं तो डॉक्टर हाक मारतोय म्हटल्यावर म्हातारी स्वतःच जिना उतरायची. किटवर मार्करने नाव लिहून फिरायचो, 'मी अमका, ताप बघायला आलोय.' नाव वाचून दार उघडायचं.

बंदुकीबद्दल थोडं वाईट बोलतो. मे महिन्यात पत्र्याखाली तिचा आकडा मनाला येईल तो. उन्हातून आलेला धडधाकट माणूस तापलेला दाखवायची. खरं काम केलं ऑक्सिमीटरने, तेही मेंदी किंवा नेलपॉलिश नसेल तर. धाप नाही, खोकला नाही, गप्पा मारतोय आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८६, असे रुग्ण डोळ्यांनी पाहिलेत. असे वेळेत उचलले गेले, म्हणून वाचले.

*

आकडेमोड | ७ जुलै, संध्याकाळी ७:४८

भावना समजतात, पण थोडं पाणी घालतो. दीडेक लाख लोक त्या काळात गावी गेले असं तेव्हा छापून येत होतं. माणसंच कमी झाली तर रुग्ण कमी होणारच. दुसरं, जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली. म्हणजे रोखला वगैरे काही नाही, धारावीत करोना सगळ्यांना होऊन गेला.

*

डॉक्टर_खडूस | ७ जुलै, रात्री ९:१०

दुरुस्ती. नीती आयोग, पालिका आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचं ते सर्वेक्षण तीन वॉर्डांतलं होतं: आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर. धारावी जी उत्तरमध्ये येते. म्हणजे धारावीचं रक्त त्यात नव्हतंच. ५७ चा आकडा खरा (आणि इमारतींत १६), पण तो उचलून धारावीला चिकटवता येत नाही. साधारण चित्र तसंच असेल असा अंदाज करा हवं तर, अंदाज म्हणून.

लोक गेल्याचा मुद्दा मान्य. पण श्रमिक गाड्या मे महिन्यात सुरू झाल्या. एप्रिलमध्ये रुग्ण दुप्पट व्हायला १८ दिवस लागत होते, मे मध्ये ४३. हा फरक एकट्या गाड्यांनी पडला म्हणणंही धाडसाचं, आणि एकट्या मोज्यातल्या साबणाने पडला म्हणणंही.

*

आकडेमोड | ७ जुलै, रात्री ९:३२

वॉर्डाचं मान्य, माझी चूक. बाकी मत कायम.

*

भोकरची_लेक | ८ जुलै, दुपारी १२:१५

आमच्या नांदेडकडची भर घालते. भोसी, भोकर तालुका. मार्च २०२१ मध्ये लग्नसराईनंतर गावात शिबिर लावून तपासण्या केल्या तर ११९ जण निघाले. दवाखान्यात जागा कुठली! गावाने ठरवलं, ज्याला लक्षणं कमी त्याने आपल्या शेतात राहायला जायचं, पंधरा-सतरा दिवस. ज्यांना शेत नाही अशा मजुरांसाठी एका शेतात शेड केली. आशाताई आणि अंगणवाडी सेविका रोज बांधावरून जाऊन विचारपूस करायच्या.

माझी नणंद दुसऱ्या गावात आशा आहे, तिच्याकडेही हाच प्रयोग करून पाहिला. ऐकायला छान वाटतं, शेतात ताजी हवा. पण उन्हाळ्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीत, बाईमाणसाने एकटीनं राहायचं म्हणजे काय? एक बाई पॉझिटिव्ह आली तर तिच्यासोबत तिची निगेटिव्ह सासू आखाड्यावर गेली, सोबत म्हणून. नणंद डोक्याला हात लावून बसली. शेवटी चार पॉझिटिव्ह बायकांचं एकच शेत केलं. त्यांनी तिथे पापड लाटले म्हणे.

नणंदेला केंद्राकडून करोनाचे महिन्याला हजार मिळायचे. हजार! १५ जून २०२१ पासून राज्यातल्या आशांनी संप केला तेव्हा मोबदल्यात थोडी वाढ झाली. तिच्या पिशवीत ऑक्सिमीटर एकच, सेल तिने स्वतःच्या पैशाने घातले.

*

पाटपाणी | ८ जुलै, दुपारी ३:५०

गावांचं निघालंच आहे म्हणून. हिवरे बाजार दुसऱ्या लाटेत मे २०२१ मध्ये करोनामुक्त झालं, पोपटराव पवारांनी पथकं करून घरोघरी तपासणी लावली होती. मोहोळ तालुक्यातल्या घाटणेचे सरपंच ऋतुराज देशमुख तेव्हा विशीतले, मुख्यमंत्र्यांनी भाषणात नाव घेतलं. मग जूनमध्ये सरकारने कोरोनामुक्त गाव स्पर्धाच काढली. प्रत्येक महसूल विभागात ५०, २५ आणि १५ लाखांची बक्षिसं, २२ निकष.

आमचं गाव भाग घेऊन बसलं. माझं वैयक्तिक मत: स्पर्धा लागली आणि तपासण्या कमी झाल्या. बक्षीस हवं तर पॉझिटिव्ह कशाला शोधा? आमच्याकडे एकाने पुण्याहून आलेल्या पोराचा खोकला तीन दिवस दाबून ठेवला, 'निकालापर्यंत थांब.' गावाचं नाव घेत नाही, माहेर आहे.

*

टेम्सकाठचा | ८ जुलै, रात्री ११:५९

इकडचं सांगतो. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेच्या स्वयंसेवकांसाठी हाक दिली, साडेसात लाख लोकांनी नाव नोंदवलं. मीही. ॲप चालू करून हिरवं बटण दाबून बसायचो. दोन महिन्यांत मला एक काम आलं, तेही मी पोचेपर्यंत कुणीतरी करून टाकलेलं. बऱ्याच जणांचा हाच अनुभव.

आणि आमच्या रस्त्यावर? ४२ नंबरच्या आजीबाईंनी दारादारांतून चिठ्ठ्या टाकल्या, 'दूध, औषध लागलं तर मला फोन करा.' सोमवारपर्यंत पूर्ण रस्त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप. माझी सगळी धावपळ त्या चिठ्ठीमुळे झाली, ॲपमुळे नाही. लेबरकॅम्पकरांची 'चूल मोजा' वाचून ती चिठ्ठी आठवली.

*

मुक्काम_पोस्ट | ९ जुलै, सकाळी १०:२०

सगळं ठीक, पण श्रेय कुणाला? १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पक्ष आणि संघटना 'आम्हीच' म्हणून पुढे. खरं तर

(प्रतिसादाचा पुढील भाग संपादित.)

*

संपादक | ९ जुलै, सकाळी ११:००

पक्षीय श्रेयवादासाठी दुसरा धागा चालू आहे, तिथे भांडा. इथे अनुभव लिहा.

*

लेबरकॅम्पकर | ९ जुलै, रात्री १०:४५

संपादकांनी कापलं ते बरंच केलं, पण श्रेयाचं एक सांगतो. तेव्हाचे सहाय्यक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या लोकांनी रुग्ण यायची वाट न बघता शोधत जायचं ठरवलं, हे खरंच मोठं. राजीव गांधी क्रीडा संकुल, शाळा, हॉल ताब्यात घेतले. निसर्ग उद्यानाच्या आवारात चौदा-पंधरा दिवसांत २०० खाटा उभ्या केल्या. अलगीकरणात तिन्ही वेळचं जेवण, रमजानमध्ये सहरी-इफ्तार. जेवण चांगलं आहे ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा लोक स्वतःहून जायला लागले. आमच्या वहीतही दिसतं. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत 'नकार' असा शेरा पानोपानी, नंतर क्वचित.

२५ डिसेंबर २०२० ला धारावीत पहिल्यांदा शून्य रुग्ण. मंडळाने केक आणला. ८ एप्रिल २०२१ ला एका दिवसात ९९. केक कापणाऱ्यांपैकी दोघं त्या महिन्यात ऑक्सिजनवर होते. पहिल्या लाटेत इमारतवाले आम्हाला घाबरत होते, कामवाल्या बायांना गेटवर अडवत होते. दुसऱ्यात बऱ्याच केसेस इमारतींतल्या.

आता नंतरचं, कारण यावर कुणी लिहीत नाही.

वहीत ऑगस्टपासून ताप कमी आणि पैसे जास्त दिसतात. ३८ नावं 'शिवण' या शीर्षकाखाली. कारागीर गावाला, मशिनी बंद, गाळ्याचं भाडं चालू. काही गाळ्यांनी मास्क आणि पीपीई किट शिवायला घेतले, त्यांनी तग धरला. शाळेच्या दप्तरांचं काम करणारे झोपले, कारण शाळाच बंद. लेदरवाल्यांचं गिऱ्हाईक पर्यटक आणि ऑफिसवाले, दोन्ही घरात बसलेले.

आमच्या मागच्या गल्लीत सोळा बायकांची भिशी होती, महिना हजार. एप्रिलमध्ये जिचा नंबर होता तिला पैसे मिळालेच नाहीत, कारण पाच जणींनी भरले नाहीत. जिला मार्चमध्ये मिळाले होते ती गावाला निघून गेलेली. वर्षभर त्या गल्लीत बोलणं बंद. ताप तपासायला एकत्र फिरलेल्या बायका नळावर एकमेकींकडे बघत नव्हत्या. हे कुठल्या अहवालात येणार?

फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, दहा हजारांचं कर्ज. कागद भरायला मंडळात टेबल टाकलं. माझी अपेक्षा होती की लोक तुटून पडतील. अर्धे आले ते विचारायला, 'हे घेतलं तर गाडी उचलणार नाहीत ना?' त्यांना कर्ज नको होतं, पावती हवी होती.

आणि पोरं. एका घरात तीन मुलं, फोन एक, तोही बापाबरोबर कामावर. मंडळाच्या खोलीत टीव्ही लावून वर्ग घेतला, सातवी-आठवीचा. वहीत २६ मुलांची हजेरी आहे. शाळा उघडल्यावर त्यातली चार परत गेली नाहीत. एक आता कुरिअरच्या गाडीवर आहे, मला दादा म्हणतो, सणाला मेसेज करतो. हुशार होता हो.

*

निशिगंधा७ | ९ जुलै, रात्री ११:३०

भिशीचं वाचून गप्प झाले. मिटलं का पुढे?

*

लेबरकॅम्पकर | १० जुलै, सकाळी ७:१५

२०२२ च्या गणपतीत. गावाला गेलेली परत आली, पाचशे-पाचशे करून फेडते म्हणाली. नऊ जणी पुन्हा जमल्या. बाकीच्या सात अजून वेगळी भिशी चालवतात.

*

इतिहासाचा_किडा | १० जुलै, दुपारी १:४०

थोडं अवांतर, पण डॉक्टरांच्या प्रतिसादाशी जोडून. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घरात घुसून झडती घेत, रुग्णाला ओढून छावणीत नेत. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतंसुद्धा. पुढे २२ जून १८९७ ला प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई आणि यशवंत हडपसरला सासाणे मळ्यात दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे गेल्या, आणि १० मार्च १८९७ ला त्यांचंच प्लेगने निधन झालं. म्हातारीला पोटमाळ्यावर लपवणं आपल्याकडे सव्वाशे वर्षं जुनं आहे.

*

कोपरखैरणे_लोकल | ११ जुलै, रात्री ८:२०

लेबरकॅम्पकर, विषय थोडा वेगळा. दुसऱ्या लाटेत तुमच्या मंडळाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले होते का? आमच्याकडे वर्गणीतून घेतले होते, नंतर कुठे गेले पत्ता नाही. माझ्या सासऱ्यांना फुप्फुसाचा त्रास आहे, डॉक्टरांनी घरी लावायला सांगितलंय. भाडं महिन्याला झेपणारं नाही.

*

लेबरकॅम्पकर | ११ जुलै, रात्री ९:०२

दोन घेतले होते, पाच-पाच लिटरचे. एक मंडळाच्या खोलीत आहे, वर ढोल ठेवलाय. दुसरं कुणाकडे तरी गेलं ते आलं नाही, वहीत नाव आहे पण त्या काकू वारल्या, मागायला जीभ रेटली नाही. उद्या बघून सांगतो.

*

डॉक्टर_खडूस | ११ जुलै, रात्री ९:४०

थांबा. चार वर्षं पडून असलेलं यंत्र थेट रुग्णाला लावू नका. आत झिओलाइटचे दाणे असतात, ते दमट हवेत पाणी शोषून निकामी होतात, आणि मुंबईची हवा म्हणजे विचारूच नका. यंत्र घरघरतं, हवा येते, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. आधी अर्धा तास चालवून मीटरवर शुद्धता मोजा. पाच लिटरवर नव्वदच्या आसपास हवी. मीटर माझ्याकडे आहे.

*

लेबरकॅम्पकर | १३ जुलै, संध्याकाळी ६:३०

डॉक्टर स्वतः आले होते, पहिल्यांदाच भेटलो, खडूस नाहीत. यंत्र चालू झालं. पाच लिटरवर ७१, दोन लिटरवर ८३. म्हणाले आतला भाग बदलावा लागेल. दुरुस्तीवाल्याने सतरा हजार सांगितले, चौदावर आलाय.

मंडळात विषय काढला. ढोलपथकाची वर्गणी जमा होतेय, त्यातून सहा हजार द्यायला पोरं तयार आहेत. मागच्या गल्लीतल्या नऊ जणींच्या भिशीने दोन दिलेत. कोपरखैरणे, तोपर्यंत सासऱ्यांना भाड्याचं चालू ठेवा. शनिवारी यंत्र दुरुस्तीला नेतोय, ट्रेनमधून नेता येत नाही, कुणाकडे सायन ते ठाणे टेम्पो असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

*

पाटपाणी | १३ जुलै, रात्री ८:११

मेव्हण्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे. शनिवारी अकराच्या आत चालेल का? व्यनि केलाय.